आजार अंडाशयाचा, दिनक्रम आतड्याचा

माझ्या फाइलवर आजाराचे नाव अंडाशयाचा कर्करोग असे आहे. प्रत्यक्षात माझी दोन्ही अंडाशये, गर्भनलिका आणि गर्भाशय तीन वर्षांपूर्वीच शस्त्रक्रियेत काढून टाकले आहेत, आणि तेव्हापासून माझा रोजचा व्यवहार चालतो तो आतड्याशी. सकाळी उठल्यावर पहिला विचार त्याचा असतो, जेवायला बसताना त्याची मर्जी पाहावी लागते, बाहेर पडायचे की नाही हेही तेच ठरवते. तब्येतीची चौकशी करणारी माणसे केमो किती झाल्या, केस आले का, सीए-१२५ (या आजाराचा माग घेणारा रक्ततपासणीतला आकडा) किती आहे, असे विचारतात. आज शौचास झाले का, असे कोणी विचारत नाही, आणि मी आपण होऊन सांगितले तर पुष्कळांना कुठे पाहावे ते कळत नाही. हे लिहिताना मी ते शब्द टाळणार नाही, एवढे आधीच सांगून ठेवते.

सुरुवातही आतड्याच्या तक्रारीनेच झाली होती. चार महिने पोट फुगल्यासारखे वाटत होते, थोडेसे खाल्ले तरी पोट गच्च होई, आणि आयुष्यात कधी बद्धकोष्ठ नसलेल्या मला कुंथावे लागू लागले. गॅसची औषधे झाली, आम्लपित्ताची झाली. शेवटी कोलोनोस्कोपी केली, ती अगदी स्वच्छ निघाली आणि घरात सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तो अहवाल खोटा नव्हता. दुर्बिणीने आतडे आतून पाहिले होते आणि माझा आजार त्याच्या बाहेरच्या अंगाला बसला होता. या कर्करोगाची पसरण्याची वाटच तशी असते. पेशी सुटतात, पोटातल्या द्रवाबरोबर फिरतात, आणि पेरिटोनियम नावाचे पोटाचे आतले अस्तर, आतड्यांवर पदरासारखा पसरलेला ओमेंटम हा चरबीचा पडदा आणि खुद्द आतड्यांचा बाहेरचा पृष्ठभाग, जिथे जागा मिळेल तिथे रुजतात. पुढे पोटात पाणी साठले तेव्हा सीटी स्कॅन झाला, आणि मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग डाव्या अंडाशयाच्या गाठीला चिकटून बसला आहे, हे कळले.

‘‘म्हणजे आता आतड्याचाही कर्करोग झाला का?’’ असे नणंदेने घाबरून विचारले होते. तो गैरसमज फार जणांचा होतो, म्हणून खुलासा करते. आतड्यावर बसलेल्या त्या पेशी अंडाशयाच्या कर्करोगाच्याच असतात आणि उपचारही त्याच आजाराचे होतात. मला दर तीन आठवड्यांनी कार्बोप्लाटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही केमोची औषधे मिळाली. तीन सायकल आधी, मग शस्त्रक्रिया, मग उरलेल्या तीन. शस्त्रक्रियेत आतड्याचा तो चिकटलेला तुकडा काढून दोन टोके जोडली, आणि तो जोड भरून येईपर्यंत त्यावरून मळ जाऊ नये म्हणून लहान आतड्याचा एक वेढा पोटाच्या त्वचेवर आणून ठेवला. त्याला इलिओस्टोमी म्हणतात. सहीच्या कागदावर तो शब्द होता, परंतु वाचणे वेगळे आणि शुद्धीवर आल्यावर स्वतःच्या पोटावर बॅग चिकटवलेली पाहणे वेगळे.

स्टोमा, म्हणजे पोटावर आणलेले आतड्याचे ते तोंड, पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी मान फिरवली होती. तोंडाच्या आतल्या त्वचेसारखा लाल, ओलसर, मधूनच आपोआप हलणारा असा तो गोळा होता. परिचारिकेने माझे बोट धरून त्याला लावले. काहीच दुखले नाही, कारण आतड्याला आपल्या त्वचेसारखी स्पर्शाची वेदना नसते. लाल रंग चांगला, निळसर किंवा काळपट दिसला तर ताबडतोब कळवायचे, हा पहिला धडा. दुसरा धडा त्वचेचा. लहान आतड्यातून येणारा मळ पातळ असतो आणि त्यात पाचक रस असतात. बॅगेचे छिद्र स्टोम्यापेक्षा थोडेसे जरी मोठे कापले गेले तरी भोवतालची कातडी भाजल्यासारखी सोलवटते. बॅग एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, पूर्ण भरण्याची वाट पाहायची नाही, कारण वजनाने ती सुटते आणि ती सुटण्याची वेळ बहुधा रात्रीचीच असते. त्यात पॅक्लिटॅक्सेलने माझ्या बोटांची टोके बधिर झाली होती. बॅगेच्या तोंडाची घडी नीट बसली की नाही हे मला बोटांनी समजत नसे, डोळ्यांनी दोनदा तपासावे लागे. केमोचा एक दुष्परिणाम आणि शस्त्रक्रियेची एक सोय असे एकमेकांच्या आड येतील, याची कल्पना मला कोणत्याही माहितीपत्रकात मिळाली नव्हती.

पाण्याबाबतही माझी समजूत उलटी ठरली. बॅगेत खूप पातळ येऊ लागले तेव्हा मी साधे पाणी वाढवले, आणि थकवा व पायातले गोळे वाढतच गेले. लहान आतड्यातून पुढे आलेल्या मळातले उरलेले पाणी आणि मीठ शोषून घेण्याचे काम मोठे आतडे करते, आणि माझे मोठे आतडे त्या काळात रजेवर होते. अशा वेळी नुसते पाणी पीत राहिल्याने क्षार आणखी वाहून जातात. क्षारसंजीवनीचे घोट घ्यावे लागतात. आणखी एक गोष्ट लाजेमुळे मी पंधरा दिवस विचारली नाही: बॅग असूनही गुदद्वारावाटे अधूनमधून चिकट स्राव येत होता. ‘‘येणारच, आतड्याला काम नसले तरी ते बुळबुळीत स्राव तयार करतच राहते,’’ असे परिचारिकेने अगदी सहज सांगितले. मी मात्र तेवढे पंधरा दिवस जोड सुटला असे धरून चालले होते.

केमो संपल्यानंतर काही महिन्यांनी स्टोमा बंद झाला. सर्वांना वाटले, आता पूर्ववत. पण आतड्याचा शेवटचा भाग हा मळ साठवून ठेवण्याची जागा असतो, आणि तीच आखूड झाल्यावर एका तासात चार-पाच वेळा जावे लागणे, घाई होणे, झाले असे वाटूनही पोट साफ नसणे हे बरेच महिने चालले. त्याचे वर्णन करीत नाही. ज्यांनी भोगले त्यांना ते ठाऊक आहे.

सोळा महिन्यांनी आजार परतला. या वेळी मोठी गाठ कुठेच नव्हती, आतड्यांवर आणि आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पडद्यावर बारीक बारीक ठिपके होते. केमो पुन्हा सुरू झाली. तिच्या जोडीला बेव्हासिझुमॅब हे औषध द्यावे का, यावर चर्चा झाली आणि देऊ नये असे ठरले, कारण आतड्यावर आजार असताना त्या औषधाने आतड्याला भोक पडण्याचा धोका वाढतो. त्या निर्णयाने मी तेव्हा खट्टू झाले होते. एक औषध कमी मिळाले, एवढाच अर्थ मी घेतला होता.

दुसऱ्या सायकलनंतर तो प्रसंग आला ज्याच्यासाठी मी हे सारे लिहीत आहे. उलटी होऊ नये म्हणून दिलेल्या ऑन्डॅनसेट्रॉनने बद्धकोष्ठ होते, हे मला माहीत होते. त्यामुळे दोन दिवस शौचास झाले नाही तेव्हा मी कारण आपल्या मनाशी ठरवून टाकले. पोट फुगले होते. बेंबीभोवती कळ लाटेसारखी चढे, पोटातून गुरगुर ऐकू येई आणि मग ती उतरे. तिसऱ्या दिवशी मी घरात असलेले एक तीव्र रेचक घेतले. ती माझी चूक होती. वाट बंद असताना आतड्याला मागून हाकण्यासारखे ते झाले. कळा इतक्या वाढल्या की मी जमिनीवर गुडघे पोटाशी घेऊन पडले. नंतर उलट्या सुरू झाल्या, आधी खाल्लेल्याच्या, मग हिरव्या, आणि पहाटे तपकिरी, मळासारखा वास असलेल्या. रुग्णालयात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘वायू शेवटचा केव्हा सरला?’’ मला आठवेना. मुलीने सांगितले, ‘‘आई परवापासून ढेकराच देतेय.’’ ते तिच्या लक्षात आले होते आणि माझ्या नाही.

नाकातून जठरापर्यंत नळी घातली. हिला रायल्स ट्यूब म्हणतात. जॉन आल्फ्रेड राइल या ब्रिटिश डॉक्टरांचे नाव तिला मिळाले आहे आणि तिची मूळ कल्पना १९२१ सालची. घालताना ती नकोशी असते. घशाशी आल्यावर गिळा, गिळा, असे सांगतात आणि डोळ्यांतून पाणी येते, पण तासाभरात पिशवीत दीड लिटरहून अधिक हिरवे पाणी जमले आणि मळमळ थांबली, तेव्हा त्या राइलसाहेबांविषयी मला आदर वाटला. तोंडाने काही नाही, सलाईन, सूज उतरावी म्हणून स्टेरॉइड. शस्त्रक्रिया का करीत नाही, असे माझ्या यजमानांनी विचारले. सर्जननी कागदावर आतड्याची वेटोळी काढली आणि त्यावर तीन ठिकाणी फुल्या मारल्या. एकाच ठिकाणी अडले असते तर तो भाग काढता आला असता किंवा वळसा देता आला असता. अनेक ठिकाणी अडते तेव्हा पोट उघडून हाती फार थोडे लागते आणि भरून येण्यात आठवडे जातात. पाचव्या दिवशी पहाटे वायू सरला. मी घंटी वाजवून परिचारिकेला बोलावले आणि ही बातमी सांगितली. ती हसली नाही, तिने वेळ लिहून घेतली.

ते आतडे आपसूक मोकळे झाले, आणि पुढेही दर वेळी होईलच असे नाही. त्यानंतर माझी शिस्त बदलली. साली, बिया, धागेदार आणि कच्च्या भाज्या बंद. ‘तंतुमय पदार्थ खा’ हा सर्वांना दिला जाणारा सल्ला आतडे अरुंद झालेल्या माणसाला लागू नाही, आणि हितचिंतकांना हे पटवणे हे वेगळेच काम आहे. थोडे थोडे, पाच-सहा वेळा, अगदी बारीक चावून. मळ मऊ ठेवणारे औषध डॉक्टरांनी दिले आहे ते रोज घेते. कळ, फुगलेले पोट आणि वायू न सरणे ही तीन एकत्र आली तर कोणतेही रेचक न घेता फोन करायचा. एका वहीत वायू, शौच, उलटी आणि पोटाचा घेर लिहिते. सीए-१२५चा आकडा ३५च्या आत असला की सारे आनंदतात, मीही आनंदते, परंतु गेल्या महिन्यात तो उतरला असतानाच माझे पोट दोन दिवस अडले होते. चिकटून बसलेल्या वेढ्यांना रक्ततपासणीची खबर नसते.

पुढच्या अडथळ्याविषयी आम्ही घरात बोललो आहोत. ऑक्ट्रिओटाइड नावाच्या इंजेक्शनने आतड्यातले स्राव कमी करता येतात, आणि नाकातली नळी फार दिवस ठेवायची वेळ आली तर त्याऐवजी पोटाच्या त्वचेतून थेट जठरात नळी घालून वाट करून देता येते, म्हणजे घोटभर प्यायले तरी ते बाहेर पडते आणि उलटी होत नाही. पोटावर पुन्हा काही चिकटवावे लागेल या कल्पनेने पूर्वी मी रडले असते. आता मी विचारले की त्या नळीने चहाचे दोन घोट घेता येतील का, आणि येतील असे उत्तर मिळाले. वहीच्या पहिल्या पानावर मी हे लिहून ठेवले आहे: नळी चालेल, वेदनाशामक कमी करू नका, मोठी शस्त्रक्रिया मला विचारल्याशिवाय नको. मॉर्फिननेही आतडे मंदावते, तेव्हा त्याबरोबर काय द्यायचे ते डॉक्टरांनी त्याच पानावर आपल्या हाताने लिहिले आहे.

वही हल्ली यजमान भरतात, माझ्या बोटांना पेन नीट धरवत नाही म्हणून. आरंभी ते ‘वा’ एवढेच अक्षर लिहीत. आता पूर्ण शब्द लिहितात, वेळेसकट.