बुदेच्या घराची चौथी जमीन

बुदेच्या घरात शिरायचं तर वाकावं लागतं. नुसती मान खाली घालून भागत नाही, कमरेतून वाकावं लागतं. दार मूळचं नेहमीच्या उंचीचं, माणूस ताठ आत जाईल असंच बांधलेलं. पण आतली जमीन तीनदा वर आली आणि दाराची चौकट होती तिथंच राहिली. आत गेलं की खिडकी पायाशी येते. बाहेर बघायचं तर फळ्यांवर मांडी घालून बसायचं, आणि बसलं की समोर पाणी दिसतं. मधूनमधून वाळलेल्या झाडांचे खुंट, पलीकडे शेजाऱ्यांचं छप्पर, आणि त्याच्याही पलीकडे पुन्हा पाणी.

या गावाचं नाव तिंबुलस्लोको. इंडोनेशियातल्या जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, सेमारांग शहराच्या पूर्वेला, देमाक जिल्ह्यातल्या सायुंग तालुक्यात. 'तिंबुल' म्हणजे वर येणं. गावाच्या नावात हा शब्द आहे, आणि बुदे तो फार जपून उच्चारते.

बुदे माझी कुणी नात्याची नाही. नवऱ्याच्या कापड गिरणीतल्या नोकरीमुळे आम्ही सेमारांगला राहतो. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंची ही मावशी. जावानीज घरांत आईच्या किंवा वडिलांच्या थोरल्या बहिणीला बुदे म्हणतात. ताई म्हणतात म्हणून मीही म्हणू लागले, आणि ती मला 'म्बाक' म्हणते, म्हणजे ताईच. पहिल्यांदा गेले ती लेबारानला, म्हणजे ईदेला. त्यानंतर किती वेळा गेले ते मोजलेलं नाही.

शहरातून निघालं की कालीगावेचा रस्ता लागतो. दोन्ही बाजूंना कारखाने, मध्ये ट्रकांची रांग, आणि रोब आला असेल त्या दिवशी त्या सगळ्यांच्या चाकांखाली खारं पाणी. रोब म्हणजे भरतीचं पाणी जमिनीवर चढणं. पाऊस नाही, वारा नाही, आभाळ निळंशार, आणि रस्त्यावर घोटाभर पाणी. सायुंगला मोठा रस्ता सोडून समुद्राकडे वळायचं. दोन्हीकडे तांबाक, म्हणजे मासे-कोळंबीची तळी. मग बांध तुटलेली तळी. मग नुसताच समुद्र. पुढे वाडीपर्यंत लाकडी फळ्यांची पायवाट आहे. गावकऱ्यांनीच खांब रोवून केली. ती नव्हती तेव्हा भरती आली की घराघरांतलं येणंजाणं बंद व्हायचं, नाहीतर होडी काढावी लागायची. आता पोरं दप्तर पाठीला लावून त्या फळ्यांवरून शाळेत जातात. कुठली फळी सैल आहे ते त्यांच्या पायांना पाठ आहे. मी मात्र अजूनही खाली बघत चालते.

बुदेच्या लहानपणी इथं भात पिकायचा. मिरची, कांदा, नारळ. ती सांगते ते मी वहीत लिहून ठेवलं आहे, कारण समोरचं पाणी बघून त्यावर विश्वास बसत नाही. 'तिथं आमचं खळं होतं,' असं म्हणून ती जिथं बोट दाखवते तिथं आता बगळा मासा टिपत असतो.

१९८० साली इंडोनेशियात ट्रॉलरने मासेमारी करायला बंदी आली. त्यानंतर त्या दशकात तळ्यांतल्या कोळंबीचं पेव फुटलं. कोळंबीला परदेशात भाव होता, सरकारचंही उत्तेजन होतं. या किनाऱ्यावर लोकांनी किनाऱ्यालगतची तिवरं तोडली आणि तळी खणली. बुदेच्या वडिलांनीही खणली. त्या पैशांतून ते हजला जाऊन आले, लाकडी घराच्या जागी विटांचं घर बांधलं, जमिनीला चकचकीत लाद्या घातल्या. हे सांगताना बुदेच्या आवाजात पश्चात्ताप नसतो, आणि तो असावा असं मलाही वाटत नाही. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हातातोंडाची गाठ होती, त्या घरानं आलेलं पीक घेतलं. पण तिवरं गेली आणि लाटेला अडवणारं काही उरलं नाही. सेमारांगच्या बाजूला बंदराची बांधकामं झाली, समुद्रात भराव पडले, त्यानं प्रवाह बदलले आणि गाळ यायचा तो येईना. तळ्यांचे बांध एकेक करून गेले.

तरीही खरं कारण पायाखाली आहे. हा सगळा किनारा नद्यांनी आणलेल्या कोवळ्या गाळाचा. त्यातलं पाणी खोल विहिरींतून उपसलं की गाळ दबतो आणि वरची जमीन खाली जाते. शहर उपसतं, कारखाने उपसतात, शिवाय गाळ आपल्याच वजनानंही बसत जातो. समुद्राची पातळी वर्षाला काही मिलिमीटरनं वाढते. इथली जमीन मात्र काही भागांत वर्षाला ८ ते १० सेंटिमीटर खचते. म्हणजे समुद्र वर येतो त्याच्या कितीतरी पट वेगानं गाव खाली जातं. आणि गावाला तरी गोडं पाणी कुठून मिळणार? खोल विहिरीतूनच. बुदेला हे माहीत आहे. एकदा नळाखाली कळशी धरून ती म्हणाली, 'म्बाक, हे पाणी आपल्याच घराखालचं.' मग कळशी भरली आणि तिनं नळ नीट पिळून बंद केला.

आता तिच्या जमिनींबद्दल. लाद्यांची ती पहिली जमीन. तिच्यावर पाणी यायला लागलं तेव्हा पादासची भर घातली; पादास म्हणजे डोंगराकडून ट्रकनं येणारी घट्ट मुरमाड माती. भर ठोकून वर सिमेंट केलं, ती दुसरी. ही थोरल्या मुलाच्या सुंतेच्या वर्षी केली, म्हणून तिला साल आठवत नसलं तरी मुलाचं वय आठवतं. तिसरी मुलीच्या लग्नाआधी, कारण पाहुणे पाण्यात कसे बसवायचे? तोवर ट्रक दारापर्यंत येत नव्हता, माती पोत्यांत भरून होडीनं आणली. दोन्ही मुलं, होणारा जावई आणि शेजारी असे सगळे राबले तरी आठवडा गेला. आणि चौथी ही फळ्यांची. मातीचं वजन घालून घालून घर आणखीनच बसतं असं मुलगा म्हणाला, म्हणून या वेळी खांबांवर आडवी लाकडं टाकून वर फळ्या ठोकल्या.

या चौथ्या जमिनीवर मी एक रात्र राहिले आहे. रात्री भरती आली की फळ्यांच्या खाली पाणी चुळुकचुळुक वाजतं. दोन फळ्यांच्या फटीतून गार वाफ येते. चमचा पडला, नाणं पडलं तर गेलंच, म्हणून नात जिथं अभ्यासाला बसते तिथं प्लास्टिकची चटई अंथरलेली. केर काढणं एकदम सोपं, फटीतून खाली. भिंतीवर काबाचं चित्र आहे, वडील हजहून आले तेव्हा लावलेलं. तेव्हा ते डोक्याच्या वर होतं. नंतर डोळ्यांसमोर आलं, मग छातीशी. फळ्या ठोकल्या त्या दिवशी बुदेनं पहिलं काम केलं ते खिळा उपटून चित्र वर लावण्याचं. आता वर छप्परच आहे. चित्राची कड वाशाला टेकली आहे.

इथली भरती समजून घ्यायला मला वेळ लागला. मी दिवसाच्या दोन भरत्या बघत वाढलेली. इथं मोठी भरती बहुतेक दिवसांत एकच, आणि पाणी चढतं तेही जेमतेम मीटरभर. आमच्याकडे मीटरभर भरतीला कुणी भरती म्हणणार नाही. पण जिथं जमीनच पाण्याच्या पातळीला आलेली, तिथं वीतभर पाणी म्हणजे चूल बंद. मे-जूनमध्ये रोब सगळ्यात वाईट. २३ मे २०२२ ला सेमारांगच्या तांजुंग एमास बंदरापाशी बांध फुटून कारखान्यांत पाणी शिरलं. पाण्यातून बाहेर पडणारे कामगार सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिले. बुदेची मुलगी कापडाच्याच कारखान्यात जाते, त्या दिवशी ती रात्री उशिरा घरी पोहोचली. घरीही पाणी होतंच.

लोक मला विचारतात, मग ते जात का नाहीत? शेजारच्या बेदोनो गावातल्या दोन वाड्या गेल्या, एक १९९९ मध्ये आणि दुसरी २००६ मध्ये. तिंबुलस्लोकोतूनही कितीतरी घरं गेली. ज्यांच्याकडे दुसरीकडे जागा घेण्यापुरता पैसा होता ती गेली. बुदेकडे जमिनीचा कागद आहे, शिक्क्याचा. प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून वाशाला बांधून ठेवलेला. ती जमीन कोण विकत घेणार? इंडोनेशियाच्या १९६० च्या जमीन कायद्यात, कलम २७ मध्ये, मालकी हक्क कधी संपतो ते लिहिलं आहे, आणि त्यातलं एक कारण म्हणजे जमीन नष्ट होणं. 'तानाह मुस्नाह', नष्ट झालेली जमीन. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा फार राग आला होता, अजून येतो. चोरी झालेली वस्तू तरी तुमचीच राहते. समुद्रानं नेलेल्या खळ्यावर मात्र बुदेचा हक्कच संपू शकतो, जणू तिथं तिच्या आजोबांनी कधी भात झोडलाच नाही.

सेमारांग ते देमाक असा सुमारे २७ किलोमीटरचा टोल रस्ता होतो आहे. त्याचा शहराकडचा भाग समुद्रातून जाणार आणि तोच बांधाचंही काम करणार. सायुंगपासून देमाकपर्यंतचा भाग २०२३ मध्ये सुरूही झाला. ज्यांची घरं या बांधाच्या भिंतीच्या आत, त्यांना आशा आहे. बुदेच्या ओट्यावर संध्याकाळी जमणारी माणसं विचारतात ते एवढंच, की भिंतीला धडकून परत फिरलेलं पाणी कुठं जाणार?

एक चांगला प्रयत्न मात्र सांगायलाच हवा. २०१५ च्या सुमारास डच तज्ज्ञ, इंडोनेशियाचं मत्स्य मंत्रालय आणि गावकरी यांनी मिळून या किनाऱ्यावर बांबूचे खुंट दोन ओळींत रोवून मध्ये काटक्याकुटक्या भरल्या. पाणी आरपार जातं, लाट मंदावते, आणि आणलेला गाळ आतल्या शांत पाण्यात खाली बसतो. गाळ साचला की तिवराचं बी आपोआप रुजतं. काही ठिकाणी खरंच रुजलं. पण बांबू पोखरणारे किडे खाऱ्या पाण्यात फार, आणि खचणारी जमीन तर कुणासाठीच थांबत नाही. बुदेचा धाकटा मुलगा त्या कामावर होता. अजूनही होडीतून जाताना तो जगलेली झाडं दाखवतो, आपी-आपी म्हणजे तिवर, बाकाउ म्हणजे कांदळ, आणि कुठलं कुणी लावलं तेही सांगतो.

समुद्रानं नेलं, तसं थोडं दिलंही. बांबू रोवले की त्यांवर हिरव्या शिंपल्या धरतात. सकाळी होड्या परततात आणि बायका घरापुढच्या फळ्यांवर गोल करून बसतात. बुदेचा हात बघत राहावा. डाव्या हातात शिंपल्यांचा घोस, उजव्यात बोथट सुरी. धागे एका झटक्यात तोडायचे, पाठीवरचा खरबरीत पापुद्र्यांचा थर खरवडायचा, मेलेली शिंपली हातात घेताच ओळखायची, कारण ती हलकी लागते किंवा तोंड वासून असते. ती पाण्यात परत. चांगली टोपलीत. गप्पा चालूच. मी तासाभरात जेवढ्या साफ केल्या तेवढ्या तिनं एक गोष्ट सांगता सांगता केल्या. मग आलं आणि गवती चहाची पात घालून उकडल्या, आणि सांबालबरोबर, म्हणजे मिरचीच्या चटणीबरोबर, आम्ही भिंतीला टेकून खाल्ल्या. टेकूनच, कारण उभं राहायला जागा नाही.

गेल्या वेळी गेले ते बुदेच्या धाकट्या जावेच्या मातीला. ती पहाटे गेली. पण दफनभूमीत पाणी होतं, ओहोटी दुपारनंतर. तोपर्यंत सगळे थांबले. बायका कुराणातला यासीन हा अध्याय वाचत होत्या, पुरुष फळ्या आणि पंप जमवत होते. दफनभूमीभोवती गावानं माती टाकून उंचवटा केला आहे, बांबूचा बांध घातला आहे, तरी खणलं की खालून पाणी येतंच. कबर खणत असताना एक जण सतत बादलीनं पाणी उपसत होता. बुदेचा नवरा तिथंच आहे, आईवडीलही तिथंच. त्यांच्या दगडांची फक्त टोकं दिसतात. माती झाल्यावर बुदे पाण्यात उतरली, गुडघ्यापर्यंत, आणि आईच्या दगडावरचं शेवाळ पदरानं पुसून आली.

संध्याकाळी मी निघाले तेव्हा तिनं शिंपल्यांची पिशवी हातात दिली. 'पुढच्या शुक्रवारी येऊ नकोस,' म्हणाली, 'त्या दिवशी पाणी मोठं आहे. रविवारी ये. मुलगा लाकूड आणणार आहे, चित्राच्या वरचं छप्पर थोडं उचलून घेऊ.'