पंख्याकडं बघत बसलेल्या मॅडम

आज होटगी रोडवरनं घरी येताना रिक्षातच रडले. दुःखानं नाही.

लेक सहा वर्षांचा आहे. चार महिन्यांपूर्वी एका खासगी क्लिनिकमध्ये पंधरा मिनिटांत 'ऑटिझम' लिहून दिलं. त्याच्याकडं धड पाहिलंही नाही आणि काउंटरवर सहा महिन्यांच्या थेरपीचं पॅकेज पुढं केलं. भरले पैसे. थेरपीच्या खोलीत आम्हाला येऊ देत नव्हते, आत काय शिकवलं तेही कधी कुणी सांगितलं नाही. तो राग अजून जात नाही.

आजच्या मॅडम दुसऱ्या ठिकाणच्या. जमिनीवर त्याच्याशेजारी बसल्या, दीड तास. तो पंख्याकडं बघत होता, तर त्याही पंख्याकडं बघत बसल्या! मग ऑटिझमच्या भारतीय मोजपट्टीचे, आयएसएएचे, ४० मुद्दे मला एकेक करून विचारले. कानांची तपासणी झाली का, हेही. आजवर कुणी सुचवलीच नव्हती. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा, म्हणायचं तर लक्षणं नुसती घरात दिसून चालत नाही, शाळेतही दिसायला हवीत, निदान सहा महिने. म्हणून वर्गशिक्षिकेचं पत्र मागितलंय. दोन्ही एकत्र असू शकतं, पण घाईनं शिक्का मारणार नाही, म्हणाल्या.

सासूबाईंनी सिद्धेश्वराला नवस बोललाय, त्यांच्या परीनं त्याही झटतायत.

निघताना लेकानं मॅडमचा हात धरला आणि बोटानं पंखा दाखवला. असं त्यानं मलाही कधी काही दाखवलं नव्हतं.

गुरुवारी कानांची तपासणी आहे.