घरफाळा आणि कार्डाचे शुल्क

बेळगावातील घराचा घरफाळा एप्रिलमध्येच भरावा असा आमच्या वडिलांचा शिरस्ता होता, कारण त्या महिन्यात पाच टक्के सूट मिळते. तो शिरस्ता मीही पाळतो, मात्र चलन घेऊन बँकेच्या रांगेत उभा न राहता, ऑनलाइन. यंदा क्रेडिट कार्ड निवडताच शेवटच्या पानावर वेगळे शुल्क दिसले. ७,६०० रुपयांवर एक टक्का धरला, तरी ७६ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८९ रुपये ६८ पैसे होतात. ४०० रुपयांच्या सवलतीतला जवळजवळ चौथा हिस्सा असा परत जातो.

कार्डाने पैसे घेतले की बँका पैसे घेणाऱ्याकडून व्यापारी शुल्क कापतात. दुकानदार हा खर्च नफ्यातून सोसू शकतो; स्थानिक संस्थेने तो सोसला, तर रोखीने भरणाऱ्या शेजाऱ्याच्या करातूनच तो भागवावा लागेल. म्हणून कार्डधारकाने तो द्यावा, हे मला (कुरकुरत का होईना) मान्य आहे. परंतु १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांवर हे व्यापारी शुल्क शून्य आहे, ही माहिती पहिल्याच पानावर, कन्नडबरोबर मराठीतही द्यायला काय हरकत आहे? मी मागे फिरलो आणि यूपीआयने भरले.