अर्ध्या भोकाचा घोळ

शिवाजी पेठेतल्या आमच्या तालमीत २६ जानेवारीचा क्रम ठरलेला असायचा. सकाळी झेंडावंदन, मग जिलेबी, आणि दहाच्या सुमारास गाड्या. जिलेबीचं कोल्हापूरकराला सांगायला नको. त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी मांडव घालून कढया लागतात आणि किलो-किलोचे पुडे घरोघर जातात. गाड्यांचं मात्र सांगावं लागेल, कारण 'तालमीत गाड्यांचं गॅदरिंग' म्हटलं की बाहेरचा माणूस बुलेट आणि जुन्या जावा डोळ्यांसमोर आणतो. आमच्या गाड्या वीतभर, फार तर हातभर. आणि प्लॅस्टिकच्या.

लेगोचे ठोकळे सगळ्यांना माहीत असतात. त्यातलाच टेक्निक हा प्रकार १९७७ साली निघाला. आरपार भोकांचे ठोकळे आणि पट्ट्या, भोकांतून जाणारे दांडे म्हणजे अ‍ॅक्सल, अ‍ॅक्सलवर गिअर. यात बंगला बांधायचा नाही, चालणारं यंत्र जोडायचं. स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळली पाहिजेत, गाडी ढकलली की इंजिनातले पिस्टन वरखाली झाले पाहिजेत. आमच्या लहानपणी घराघरात पत्र्याच्या पट्ट्या आणि नटबोल्टचा खेळ असायचा. त्यात एक गाडी जोडायला अख्खी दुपार जायची आणि शेवटचा नट हमखास कपाटाखाली. इथं नट नाही, पिन. 'टक्' झालं की बसली.

हे सगळं तालमीत शिरलं ते गणपतीच्या वाटेनं. आमच्या मंडळाचा देखावा हलता असायचा. मावळे तलवारी फिरवायचे, राक्षसाचा जबडा उघडायचा, आणि या सगळ्यामागं जुन्या वायपरच्या मोटरी आणि सायकलच्या चेनी. एका वर्षी जबडा कसा उघडायचा यावर रात्री दोन वाजेपर्यंत वाद चालला. तेव्हा कॉलेजातल्या एका पोरानं घरातनं लेगोचा डबा आणला आणि जमिनीवर बसून दहा मिनिटांत जबड्याचं मॉडेल जोडून दाखवलं. डबा त्याच्या दुबईच्या मावशीनं आणलेला. गणपती गेले, पण डबा तालमीतच राहिला. पोरं रोज संध्याकाळी त्याच्याभोवती. पुढच्या जानेवारीत कुणीतरी म्हणालं, गाड्या करूया की, स्पर्धा लावूया.

पहिल्या वर्षी पाच गाड्या होत्या. त्यातली एक माझी, तीही बाजारातल्या नकली सेटची. त्या सेटच्या पिना हातात मोडायच्या आणि अ‍ॅक्सल भोकात एकदा अडकला की पक्कडीनंच निघायचा. पैसे वाचवल्याचा आनंद साधारण पंधरा मिनिटं टिकला. तेव्हापासून मी पोरांना सांगत आलोय, सुटे का होईना, पण अस्सल भाग घ्या.

स्पर्धा कसली? तर उसाची. जानेवारीत कारखान्यांचा गळीत हंगाम ऐन भरात असतो. गावात शिरणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर ट्रॅक्टर, त्यामागं दोन-दोन ट्रॉल्या आणि स्पीकरवर गाणी. चढाला पुढची चाकं उचलली की आपलाच श्वास अडकतो. तेच आम्ही तालमीत आणलं. देखाव्याच्या प्लायवूडचा एक उतार, त्यावर खाकी कापड, आणि मागं लेगोच्याच चाकांवरची ट्रॉली. ट्रॉलीत चार बोटं लांबीच्या उसाच्या कांड्या. ज्याची गाडी जास्त कांड्या वर नेईल तो जिंकला. हरलेल्यांनी कांड्या खायच्या. जिंकलेलाही खायचा, म्हणून दुपारपर्यंत कुस्तीच्या हौद्याच्या कडेला चोथ्याचा ढीग लागायचा आणि वस्ताद सगळ्यांना झाडू हातात द्यायचे.

दुसऱ्या वर्षी मी मोटर आणि सहा पेन्सिल सेलचा डबा मिळवला. आठ दात्यांचा गिअर मोटरला, चोवीस दात्यांचा पुढं, म्हणजे वेग एक तृतीयांश आणि जोर तिप्पट. तसेच दोन टप्पे, म्हणजे नऊपट. घरी गाडी उशीवर चढली, चादरीवर चढली, आईच्या पाटावर चढली. तालमीत सातव्या कांडीला 'कट् कट् कट्' सुरू झालं. मोटर फिरतेय, गाडी जागेवर, आणि दाते एकमेकांवरून उड्या मारतायत.

तिथंच मिस्त्रीमामांची आणि माझी पहिली गाठ पडली.

मामा उद्यमनगरात लेथवर आयुष्य काढलेले. निवृत्त झाले तरी पांढऱ्या पायजम्याच्या खिशात बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर असायचाच, दुसऱ्यांच्या खिशात असतो तसा चष्मा. ते जिलेबीला आले होते. आवाज ऐकून वळले, गाडी उचलली, उलटी केली आणि म्हणाले, "शाफ्टला एकाच बाजूनं आधार दिलायस. जोर आला की दुसरं टोक पळतंय. दोन्हीकडनं बुश घाल की."

बुश हा शब्द लेगोतही आहे आणि उद्यमनगरातही. काम एकच, शाफ्ट म्हणजे आपला अ‍ॅक्सल सरकू द्यायचा नाही. मी दुसऱ्या बाजूनं पट्टी लावली, टोकाला बुश घातलं, आणि नऊ कांड्या वर गेल्या. नंबर तरी आला नाहीच. पहिला आला तो वडणग्याचा एक पोरगा. त्याच्या ट्रॅक्टरचं एक चाक कापडाच्या सुरकुतीवर अधांतरी झालं होतं. डिफरन्शियल म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची जोडणी. तिचा स्वभावच असा की ज्या चाकाला जोर लागत नाही तिकडंच सगळं फिरणं जातं. अधांतरी चाक गरागरा आणि जमिनीवरचं ढिम्म. सगळे 'गेला, गेला' करत असताना त्यानं हात घालून गाडीतली एक छोटी दांडी सरकवली आणि दोन्ही चाकं एकत्र फिरायला लागली. लॉक! त्याचे वडील उसाचा ट्रॅक्टर चालवायचे. ते मागं भिंतीला टेकून शांतपणे म्हणाले, "आमच्यात त्येचा पेडल असतोय." कॉलेजात डिफरन्शियलचं चित्र काढून काढून परीक्षा दिलेली आम्ही मंडळी त्या पेडलवर गप्प झालो.

त्यानंतर मामा दरवर्षी यायला लागले, आणि जिलेबी संपल्यावरही थांबायला लागले. त्यांना खेळण्याचं कौतुक नव्हतं. त्यांना भोकांचं कौतुक होतं. पहिल्यांदा व्हर्नियर लावला तेव्हा ते पट्टी घेऊन दारातल्या उजेडात गेले. एक भोक, दुसरं भोक, तिसरं भोक. प्रत्येक अंतर आठ मिलिमीटर. पुन्हा मोजलं. मग म्हणाले, "असं काम करणारा माणूस बघायला पायजे." त्यांच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही, आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्या पोरांनीही ऐकली नसावी.

त्याच सकाळी आमचं एक जुनं दुखणं त्यांच्यापुढं मांडलं. आठ आणि चोवीस दात्यांचे गिअर शेजारी छान बसतात. सोळा-सोळाचे बसतात. पण सोळा आणि चोवीस काही केल्या बसत नाहीत. दोन भोकांवर लावले तर एकमेकांवर चढतात, तीन भोकांवर लावले तर दाते भेटतच नाहीत. पोरांनी भाग नकली ठरवून टाकले होते.

मामांनी तीन गिअर हातात घेतले, दाते नखानं मोजले आणि जिलेबीच्या पुड्याच्या कागदावर आकडे लिहिले. कागद तेलकट, पेन उठेना, दोनदा झटकलं.

"आठ दात्याचं चाक आठ मिलीचं. चोवीसचं चोवीस. सोळाचं सोळा. दात्याला एक मिली. आमच्यात ह्येला एक मोड्यूल म्हणतात. आता दोन चाकांचं अंतर किती? बेरजेच्या निम्मं. आठ आन् चोवीस बत्तीस, निम्मं सोळा, म्हणजे दोन भोकं. बसलं. सोळा आन् चोवीस?"

"चाळीस."

"निम्मं?"

"वीस."

"वीसला आठनं भाग."

अडीच. अडीच भोकं कुठून आणायची? चार-पाच जणांच्या तोंडून एकदम 'हात्तिच्या' निघालं. मग चाळीस दात्याचं चाक काढून सगळ्या जोड्या तपासून झाल्या. चाळीस आणि आठ, तीन भोकं. चाळीस आणि चोवीस, चार. चाळीस आणि सोळा, पुन्हा अर्ध्याचा घोळ. स्पर्धा त्या दिवशी दीड तास उशिरा सुरू झाली आणि कुणाची तक्रार नव्हती. मामा उठता उठता पुटपुटले, "खरी कॉर्नरला बाबूराव पेंटरांच्या कॅमेऱ्याचा स्तंभ हाय. त्या माणसानं सिनेमाचा कॅमेरा गावात तयार केला. आन् तुमचं एक चाक बसंना."

मधल्या काही वर्षांतलं सगळं आठवत नाही. एकदा वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला गिअर, लावून आलो ते आठवतंय. वर्मचा एक फेरा झाला की चाकाचा एकच दाता सरकतो, म्हणजे चोवीस दात्यांना चोवीस फेरे. शिवाय मोटर बंद केली तरी गाडी उतारावरून मागं येत नाही. पंधरा कांड्या लादल्या. गाडी निघाली, आणि प्रेक्षक चहाला गेले. चहा पिऊन आले तेव्हा ती अर्ध्यात होती. पंचांनी वेळेची अट त्याच दिवशी घातली. नंतर गाडी उघडली तर वर्मखाली करड्या रंगाची बारीक पूड साचलेली. प्लॅस्टिकनं प्लॅस्टिक खाल्लं होतं.

एका वर्षी बोटीवर नोकरी करणाऱ्या कुणाच्या तरी जावयानं १९९४ सालची काळी सुपरकार आणली होती, ८८८० नंबरची. चारही चाकांना ताकद, चारही चाकं वळणारी, चार गिअर, तीन डिफरन्शियल आणि व्ही-एट इंजिन. ती स्पर्धेत नव्हती, नुसती टेबलावर ठेवली होती. आखाड्यात उतरून मातीनं माखलेली दोन पैलवान पोरं हात मागं बांधून तिच्याभोवती फिरत होती, देवळात फिरावं तशी.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला पूर आला तेव्हा मंडळाचे डबे सुतारवाड्यातल्या एका पोराच्या घरी होते. पाणी उतरल्यावर गाळातून डबे काढले. गिअरच्या दात्यांत, पिनांच्या चिरेत, सगळीकडं तांबूस गाळ. तालमीच्या गच्चीवर बादल्या, साबण आणि जुने टूथब्रश घेऊन आम्ही दोन रविवार बसलो. प्लॅस्टिकला काही झालं नाही. सेलच्या डब्यांच्या पत्त्या मात्र गंजल्या आणि दोन मोटरी कायमच्या गेल्या. त्या कामात मला एक गोष्ट नीट कळली. काळी पिन भोकात घट्ट बसते, करडी सैल फिरते. इतकी वर्षं हाताला येईल ती लावत आलो होतो, आणि माझं स्टिअरिंग जड का, म्हणून मोटरला शिव्या देत होतो.

पुरानंतरच्या त्या जानेवारीत मामा एक पुडी घेऊन आले. आत पितळेचा तुकडा, अंगठ्याच्या पेराएवढा, त्याला दोन भोकं. लेथवर नव्हे, ओळखीच्या कुणाच्या तरी मिलिंग मशीनवर केलेला. दोन भोकांतलं अंतर वीस मिलिमीटर. एकात सोळाच्या चाकाचा अ‍ॅक्सल, दुसऱ्यात चोवीसचा. लावलं, फिरवलं, आणि काय फिरलं म्हणता! आवाज नाही, ढिलेपणा नाही. मामांनी कुणाकडंच बघितलं नाही, पण मिशी हलली.

आणि पंचांनी बाद ठरवला. नियमच होता: फक्त प्लॅस्टिकचे भाग. गोंद, दोरा, रबर आणि धातू बंद. नियम मीच लिहिलेला, पहिल्या वर्षी कुणीतरी चाकाला फेविक्विक लावल्यावर. मामा म्हणाले, "बरोबर हाय. नियम म्हणजे नियम." पण चहा न घेता गेले. मला दिवसभर चुकल्यासारखं झालं.

मग कोरोनाची खंड पडलेली वर्षं. नंतर पुन्हा भरलं तेव्हा आठवीतली एक मुलगी आली, गाडीही साधीच. उलटी केली तर आत सोळा आणि चोवीस गुण्यागोविंदानं फिरतायत. धातू नाही, कापाकापी नाही. तिनं काढून दाखवलं. लेगोच्या लांब ठोकळ्यात भोकं वरच्या दोन बटणांच्या, म्हणजे गोल उंचवट्यांच्या, मधे असतात. पण दोन बटणांचा एक छोटा ठोकळा मिळतो, त्यात भोकं बरोबर बटणाखाली. दोन्ही शेजारी लावले की भोकांची ओळ अर्ध्या घरानं सरकते. अडीच भोकं, डब्यात पहिल्यापासून पडलेली.

मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, काळा चष्मा होता. त्यांनी तो ठोकळा घेतला, नखानं भोक चाचपलं, व्हर्नियर मागितला आणि वाचायला माझ्याकडं दिला. "किती?"

"वीस."

"माझा किती होता?"

"वीसच."

"मग झालं," ते म्हणाले आणि त्या मुलीला गंगावेशीत दूध पाजायला घेऊन चला असा हुकूम सोडला. आमच्यात जिंकणाऱ्याला तेच बक्षीस असतं, समोर म्हैस पिळून दिलेला फेसाळ ग्लास. ती मुलगी त्या दिवशी तिसरी आली होती. पहिल्या दोघांना आम्ही नंतर नेलं.

पितळी तुकडा आता तालमीच्या कपाटात असतो. २६ जानेवारीला नावनोंदणीच्या वहीवर ठेवतो. दार उघडं असलं की रंकाळ्याकडचा वारा पानं उडवतो, त्याला तेवढं वजन पुरतं.