हप्त्यानं भरलं तर चालेल का?

"ताई, हप्त्यानं भरते म्हटलं तर रागावतील का हो हे लोक?"

आज सकाळी कुर्ल्याला वीजबिलाच्या रांगेत माझ्या पुढच्या मावशींनी अगदी कानाशी येऊन विचारलं. हातात दुधाची रिकामी पिशवी, आत घडी घालून जपलेली नोटीस. धुण्याभांड्याची दोन कामं सुटली, म्हणाल्या. चार दिवस फ्रिज बंद ठेवलाय. पंखा रात्री नातू झोपेपर्यंतच.

आजच वीज कापणार, असं त्या धरून चालल्या होत्या. मी नोटीस वाचून दाखवली. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. त्यांच्या हातातल्या नोटिशीला चारच दिवस झाले होते.

खिडकीवर दोघी गेलो. आतल्या साहेबांनी नीट ऐकलं, अर्ज लिहून घेतला, तीन हप्ते करून दिले. दहा मिनिटंही लागली नाहीत. आणि त्यासाठी ही बाई चार रात्री जागी होती.

दारिद्र्यरेषेखालच्या घरांना आपल्याकडे वेगळा, कमी दर आहे, पण विजेचा वापर अगदी कमी, ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर. घरात जुना फ्रिज असला की एवढ्यात कसं भागणार?

जाताना मावशी म्हणाल्या, "विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं बघा."

माझ्याकडे नऊ वर्षं कामाला येणाऱ्या ताईंना बिल किती येतं, हे मी कधीच विचारलं नाही. तुम्ही विचारलंय?