हुद्दा गेला, आडनाव राहिले

मोडी कागद वाचायला शिकत असताना ‘कुलकर्णी मौजे मजकूर’ असे शब्द आले, की मी ‘कुलकर्णी’ हे त्या माणसाचे आडनाव समजून पुढे जात असे. ‘मजकूर’ म्हणजे वर सांगितलेले, आणि तो माणूस म्हणजे त्या गावाचे दप्तर लिहिणारा वतनदार, हे ध्यानात आल्यावर पूर्वी वाचलेले कागद मला पुन्हा काढून बसावे लागले. तिथे आडनाव नव्हतेच. होता तो हुद्दा.

हुद्द्यांवरून आलेल्या आडनावांत मला सर्वांत जास्त गोडी आहे ती ‘नीस’ या शेपटाची. लिहिणारा या अर्थाचा फारसी ‘नवीस’ मराठी तोंडात ‘नीस’ झाला. पत्रे लिहिणारा चिटणीस, जमेचा हिशेब लिहिणारा जमेनीस, फारसी पत्रव्यवहार पाहणारा पारसनीस. फडणीस या शब्दातील ‘फड’ मुळात ‘फर्द’, म्हणजे हिशेबाचा कागद किंवा यादी. नाना फडणवीसांचे मूळ आडनाव भानू. पण घराण्याकडे फडणिशी आली आणि पुढे भानू हे नाव अभ्यासकांपुरते उरले.

१६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या सुमारास शिवछत्रपतींनी प्रधानांच्या फारसी पदव्या बदलून संस्कृत पदव्या दिल्या. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री आणि डबिराचा सुमंत. राज्यकारभारातील परकीय शब्दांना पर्याय देणारा राज्यव्यवहारकोशही त्यांच्याच आज्ञेने तयार झाला. असे असूनही मुजुमदार, सुरनीस, वाकनीस आणि डबीर ही चारही नावे आज आडनावे म्हणून नांदत आहेत. दरबारातून गेलेला शब्द घराने सांभाळून ठेवला, आणि भाषेच्या अभ्यासकाला याहून मोलाचा पुरावा क्वचितच मिळतो, असे मला मनापासून वाटते.

गावावरून आलेल्या ‘कर’ आडनावांचा उलगडा बहुधा सोपा असतो, म्हणून त्यांविषयी येथे अधिक लिहीत नाही. हुद्द्याच्या आडनावांबाबत मात्र एक चूक वारंवार होते. एकच हुद्दा शेकडो गावांत वेगवेगळ्या घराण्यांकडे असल्यामुळे दोन कुलकर्णी एकमेकांचे भाऊबंद असतीलच असे नाही. पाटील हे आडनाव तर मराठा, आगरी, कोळी, लिंगायत, जैन अशा कितीतरी समाजांत आढळते. त्यामुळे नुसत्या आडनावावरून जात किंवा कूळ ठरवणे मला मुळीच पटत नाही. घराण्याचा माग काढायचा असेल, तर मूळ गाव, कुलदैवत आणि वतनाचे कागद एकत्र पाहावे लागतात.

कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने रद्द झाली, आणि पाटीलकी रद्द करणारा कायदा १९६२ मध्ये आला. गावचे दप्तर तलाठ्याकडे आहे, आणि तलाठ्याचे आडनाव काहीही असू शकते.