आमची वाटचाल : बँडच्या मुलांसाठी जागा सोडलेले ट्रॅक

आमच्या घरात क्लॅरिनेट वाजायचं. अप्पा लग्नाच्या बँडमध्ये होते. तुळशीचं लग्न झालं की त्यांचा सीझन सुरू व्हायचा आणि मग महिनोन्‌महिने ते रात्री उशिराच घरी यायचे. गाव मिरज. आमच्या गावच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आम्हीही पेढे वाटले. पण आमची वाद्यं मात्र मेरठहून, जली कोठीच्या बाजारातून यायची. तंतुवाद्यांच्या गावातलं आमचं हे पितळी घर. दिवसा शेजारून तानपुरा जुळवल्याचा आवाज यायचा आणि संध्याकाळी अप्पा ओसरीवर बसून क्लॅरिनेटची रीड, म्हणजे तोंडाशी असणारी वेताची पातळ पट्टी, ओली करायचे.

आज आम्ही शाळांच्या बँडसाठी सरावाचे ट्रॅक तयार करतो. मी, माझा धाकटा भाऊ आणि अप्पा. या धंद्याचा विचार मात्र कुणी बसून केलेला नव्हता.

मी तेव्हा एका शाळेत बँडच्या सरांना मदत करायला जायची. सातवीतला एक मुलगा युफोनियम, म्हणजे खालच्या सुरांचं मोठं पितळी वाद्य, वाजवायचा. वाद्य त्याच्या अंगापेक्षा मोठं. वर्गात तो नीट वाजवायचा, पण घरी सराव अजिबात नाही. विचारलं तर खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, घरी वाजवलं की आई विचारते, हे कुठलं गाणं आहे?"

मला उत्तर सुचेना. खरंच ते कुठलंच गाणं नव्हतं. बँडमध्ये चाल जाते ट्रम्पेटला आणि क्लॅरिनेटला. त्याच्या वाट्याला होते दोन सूर: सा आणि प, थांबा, पुन्हा सा आणि प. सगळे मिळून वाजवतात तेव्हा त्या दोन सुरांवर अख्खा बँड उभा असतो. घरी एकट्याने वाजवलं की नुसतं पों-पों. मुलं आळशी असतात म्हणून सराव करत नाहीत, असं सरसकट म्हणणाऱ्यांशी माझं तेव्हापासून पटत नाही.

त्याच आठवड्यात आमच्या वाड्यातल्या तबल्याच्या क्लासवरून जात होते. आत पेटीवर लेहरा, म्हणजे तबल्याला साथ देणारी धून, चालू होता, तीनतालाच्या सोळा मात्रांचा, पुन्हा पुन्हा फिरणारा. समोर आठ-नऊ वर्षांची एक मुलगी नुसता ठेका धरून बसली होती आणि तिला उठायचंच नव्हतं. मी दारातच थांबले. तबल्याच्या मुलाला आपण लेहरा देतो, गाणाऱ्याला तानपुरा देतो. मग पितळी वाद्याच्या पोराला रिकाम्या खोलीत एकटं का बसवतो?

घरी येऊन अप्पांना क्लॅरिनेटवर चाल वाजवायला लावली, भावाने साईड ड्रम धरला, मी पेटीवर बसले. फोनवरच रेकॉर्ड केलं, युफोनियमचा भाग सोडून. त्या मुलाच्या आईच्या फोनवर पाठवलं. पुढच्या सोमवारी तो मधल्या सुट्टीत मला शोधत आला. "मॅडम, क्लॅरिनेट श्वास घेतं ना, तिथंच माझा प येतो."

तोपर्यंत त्याला कुणीच हे सांगितलेलं नव्हतं. त्याने ऐकून शोधलं होतं. आमचं काम तिथून सुरू झालं.

पहिला संच आम्ही हौसेने बिघडवला. कीबोर्डवरचे व्हायोलिन, घंटा, सगळं भरलं. ऐकायला भारी वाटायचं. अप्पांनी डोळे मिटून एकदाच ऐकलं आणि म्हणाले, "पोरी, ह्यात पोरानं शिरायचं कुठनं? जागाच ठेवली न्हाईस की." आम्ही तो सगळा संच टाकून दिला. मग बाहेर लोक हे कसं करतात ते शोधलं. न्यूयॉर्कमध्ये १९५० मध्ये सुरू झालेली 'म्युझिक मायनस वन' ही कंपनी एक वाद्य वगळून रेकॉर्ड काढायची. अमेरिकेतल्याच जेमी एबरसोल्ड यांनी १९६७ पासून जॅझ शिकणाऱ्यांसाठी असे संच काढले. त्यांत एका बाजूच्या स्पीकरला पियानो आणि दुसऱ्या बाजूला बास असायचा, म्हणजे शिकणाऱ्याने नको ती बाजू बंद करावी. ही युक्ती आम्ही मनापासून उचलली. आमच्या प्रत्येक ट्रॅकमध्ये डावीकडे फक्त ताल आणि मोजणी असते, उजवीकडे बाकीचा बँड.

सुराच्या पट्टीने आम्हाला सगळ्यात जास्त शिकवलं. एका शाळेतून तक्रार आली की ट्रम्पेटची मुलं जुळतात, पण सॅक्सोफोनची बेसूर होतात. चूक मुलांची नव्हती, आमची होती. ट्रम्पेटवर कागदावर लिहिलेला 'सी' हा सूर वाजवला की पेटीवरची काळी पाच, म्हणजे पाचव्या काळ्या पट्टीचा सूर, ऐकू येतो. क्लॅरिनेटचंही तेच. अल्टो सॅक्सोफोनवर तोच 'सी' वाजवला की मात्र काळी दोन निघते. आम्ही ट्रॅक काळी पाचमध्ये केला होता आणि सगळ्यांना एकच कागद दिला होता. त्या सुरासाठी सॅक्सोफोनच्या मुलाला 'जी' वाजवावा लागतो. वर्षानुवर्षं पेटीवर बसणाऱ्या मला हे तोंडपाठ हवं होतं. आता प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा जातो, आणि पट्टी काळी-पांढरीच्या भाषेत लिहितो, कारण बँडचे बहुतेक सर पेटीवरूनच सूर ओळखतात.

दुसरा धडा थंडीने दिला. जानेवारीत सव्वीस तारखेच्या तयारीला मुलं सकाळी सातला मैदानावर असतात. गार पितळ सुराला उतरतं. ट्रॅक मात्र पांढरी सहाचा सूर ४४० हर्ट्झ (सेकंदाला ४४० कंपनं) धरून ठाम बसलेला. मुलं जिवाच्या आकांताने फुंकतात आणि ट्रॅकच्या खालीच राहतात. मग त्यांना वाटतं, आपल्यालाच जमत नाही. म्हणून आता जानेवारीच्या ट्रॅकआधी दहा मिनिटांचा एक ट्रॅक असतो, नुसता तानपुऱ्यासारखा लांब सूर. वाद्यात ऊब भरायची, मग ट्यूनिंग स्लाईड, म्हणजे वाद्याची सरकती नळी, थोडी आत ढकलून जुळवायचं आणि मगच चाल घ्यायची.

मैदानावर आणखी एक गोष्ट कळली. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्पीकर व्यासपीठाजवळ असेल आणि शेवटची रांग ३४ मीटरवर असेल, तर त्या मुलांना ताल सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोचतो. मिनिटाला १२० पावलांच्या चालीत एक पाऊल अर्ध्या सेकंदाचं असतं, म्हणजे मागची रांग पावलाच्या पाचव्या हिश्शाने मागे. आणि त्यांचा आवाज परत पुढे पोचेपर्यंत तेवढाच उशीर आणखी. सर ओरडतात, मुलं घाबरतात, आणि दोष कुणाचाच नसतो. तेव्हापासून आम्ही शाळांना स्पष्ट सांगतो: ट्रॅक खोलीसाठी, घरासाठी. मैदानावर ड्रमवाले मधोमध उभे करा आणि स्पीकर बंद ठेवा. यात आमची विक्री कमी होते, होऊ दे.

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा वाद्यं शाळेच्या कपाटात आणि मुलं घरी. काही सरांनी निदान माऊथपीस, म्हणजे वाद्याचे ओठांना लावायचे सुटे तुकडे, तरी घरोघर पोचवले. नुसत्या माऊथपीसवर ओठ थरथरवून सूर धरायचा, असे छोटे ट्रॅक आम्ही त्या काळात केले. पैसे घेतले नाहीत. पुढे त्यातल्याच शाळा गिऱ्हाईक झाल्या.

पैशाचं सांगायचं तर सुरुवातीला आम्ही एकेक ट्रॅक विकायचो आणि तो व्हॉट्सॲपवरून चार शाळांत फिरायचा. एका शाळेने तर वर्षभर वापरून बिलच नाकारलं. तो महिना कठीण गेला. आता शाळेशी वर्षाचा करार करतो आणि त्यांच्या मुलांना बघून ट्रॅक बनवतो. कुणाचा वरचा सूर लागत नसेल तर त्याचा भाग तसा लिहितो. असा ट्रॅक दुसऱ्या शाळेला पाठवून उपयोग नसतो. सिनेमाची गाणी मागणारे खूप असतात, आम्ही नाही म्हणतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो. दुसऱ्याच्या मेहनतीवर फुकट धंदा करायचा नाही, हे अप्पांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. चाली आम्ही स्वतः बांधतो.

सर्वांत जास्त मागणी राष्ट्रगीताच्या सरावाला. नियमाप्रमाणे पूर्ण धून साधारण ५२ सेकंदांत व्हायला हवी, आणि मुलं भावनेच्या भरात ती लांबवतात. शिवाय बँडवर वाजवताना आधी संथ चालीच्या सात पावलांएवढा ड्रम रोल असतो, हळू सुरू होऊन चढणारा आणि पुन्हा उतरणारा. मग एक मात्रा शांतता. ती शांतता मुलांकडून पाळली जात नाही, सगळे घाईने घुसतात. तेवढ्या भागाचा वेगळा ट्रॅक आम्ही केला आहे. तुकड्यातुकड्यांचा सराव बसून, पण शेवटी पूर्ण धून उभं राहूनच, अशी सूचना त्यावर लिहिलेली असते.

एक गोष्ट मी प्रत्येक सरांना सांगते. ट्रॅकला कान नसतात. मूल अडखळलं तरी तो पुढे जातो. सर थांबतात, शेजारचा मुलगा सावरून घेतो, ट्रॅक हे करत नाही. म्हणून तीन दिवस ट्रॅकवर आणि चौथ्या दिवशी नुसतं पायाने ताल धरून. ज्या शाळा हा चौथा दिवस पाळतात, त्यांचा बँड ऐकल्याबरोबर ओळखू येतो.

वेग आम्ही कॉम्प्युटरने ताणत नाही, ताणला की ड्रमचा टणत्कार बसका होतो. ७२, ८४, ९६, १०८ आणि १२० असे पाचही वेग पुन्हा नव्याने वाजवतो. परवा मुलींच्या एका शाळेसाठी ७२ चा चालला होता. मे महिना, माईकमध्ये आवाज येतो म्हणून पंखा बंद, अप्पांच्या सदऱ्याची पाठ पूर्ण भिजलेली. चौथ्या टेकला चाल मनासारखी लागली. भाऊ हेडफोन लावून बसला आणि दोन ओळींच्या मधला अप्पांच्या श्वासाचा आवाज पुसायला लागला.

"ते राहू दे," मी म्हटलं. "मुली तिथूनच आत येतील."